नसेच्या नावाने विकलेली हळद

दादाचा दंड मोडला आणि हाडाबरोबर रेडियल नसेलाही, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या मज्जातंतूलाही, मार बसला. हात पुढे केला की मनगट खाली लोंबायचं. चहाचा कप उचलायचा तर दुसऱ्या हाताने मनगटाला टेकू द्यावा लागे. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, अशा फ्रॅक्चरमध्ये बहुतेकांची नस आपोआप सुधारते, पण ती दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते. कोपराजवळच्या स्नायूपर्यंत पोचायलाच तीन-चार महिने. तोवर स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारा पट्टा, आणि फिजिओथेरपी.

वहिनींनी मोबाईलवरच्या एका जाहिरातीत नंबर भरला आणि फोन सुरू झाले. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एकाने 14,800 रुपयांचा चार महिन्यांचा 'कोर्स' गळ्यात मारला. हळदीतलं करक्युमिन, द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल, ग्रीन टीचा अर्क. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य!

"पहिले तीन महिने फरक दिसणार नाही ताई, औषध मुळावर काम करतंय. मग मुंग्या येतील, तेव्हा मला कळवा."

यातच सगळी मेख आहे. नस वाढायला लागली की तिच्या वाटेवर टिचकी मारल्यावर मुंग्या येतात, गोळ्या घ्या नाहीतर घेऊ नका. गड्याने नसेचं वेळापत्रक पाठ केलं होतं आणि तेच आम्हाला गुण म्हणून विकलं.

पुरावा म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक शोधनिबंध पाठवला. भाचीने उघडून वाचला तर सुधारलेली नस उंदराची! करक्युमिनचे असे प्रयोग खरेच झालेत, पण माणसाच्या हातापर्यंत ती गोष्ट अजून यायची आहे. नुसतं करक्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. हे पायपरिन फिटच्या फेनिटॉइन गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. दादा आणखी काय घेतो, हे त्या 'डॉक्टर'ने विचारलंसुद्धा नाही.

पैसे गेले त्याचं एवढं नाही. "पट्टा काढा, नस आवळते" असं सांगून त्याने स्प्लिंट सोडायला लावला, फिजिओ बंद करवली. बोटांचे सांधे आखडले, ते सोडवताना दादा कळवळायचा. कोर्स संपेपर्यंत तपासणी नको, हेही त्याचंच. तीन-चार महिन्यांत हालचाल दिसली नाही तर सर्जनना ऑपरेशनचा विचार करावा लागतो, कारण वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुन्हा कामाला येणं अवघड. हा माणूस नेमका तोच काळ खात होता.

डब्यावर 14 आकडी नंबर होता, "सरकारमान्य" म्हणून तो दाखवायचा. तो खाद्यपदार्थाचा परवाना, औषधाचा नव्हे. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंही होतं, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, कोर्स अर्धवट सोडला, गॅरंटी रद्द. आम्ही ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे. तुमच्याकडे असा डबा आला असेल तर फेकू नका. लेबलाचे दोन्ही बाजूंचे फोटो, पैसे भरल्याची पावती आणि त्यांचे मेसेज तक्रारीला लागतात. आणि आधी सर्जनना दाखवून या.