बदलाच्या काळातील नेतृत्व : बडोद्यातील एका कार्यशाळेचे परीक्षण

मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात भांडाराच्या वह्या बंद करून ईआरपी, म्हणजे साठा आणि बाकीचे व्यवहार संगणकावर एकत्र सांभाळणारी प्रणाली, आणायचे ठरले, तेव्हा प्रणाली विकणाऱ्या कंपनीने सर्व्हर, परवाने आणि वार्षिक देखभाल यांविषयी भरपूर सांगितले. ती वापरणाऱ्या माणसांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. ही बाजू कोणीतरी शिकवावी या अपेक्षेने मी, आमचे भांडारप्रमुख आणि पाळीचे एक पर्यवेक्षक असे तिघे अलकापुरीत भरलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो. विषय होता बदलाच्या काळात संस्थेचे नेतृत्व कसे करावे. पुढे काही तक्रारी नोंदवायच्या असल्याने कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेचे नाव देत नाही. तसेही शहरात असे वर्ग घेणारे आता बरेच झाले आहेत, आणि येथे लिहिलेले त्यांच्यापैकी कोणाच्याही वर्गाला लावून पाहता येईल.

पहिली सकाळ वाया गेली असे म्हटले तरी चालेल. आठ पायऱ्यांची सुपरिचित मांडणी, रंगीत बाण, 'जग वेगाने बदलत आहे' हे पालुपद आणि मध्ये चहा. ज्याने या विषयावरचे एखादे पुस्तक चाळले आहे, त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत नवे काही मिळत नाही.

दुपारच्या सत्राने मात्र शुल्काचा मोठा भाग वसूल केला. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला कोरी कार्डे दिली आणि आपल्या संस्थेतील बदलामुळे कोणाला काय मिळणार हे लिहायला सांगितले. ती पाच मिनिटांत भरली. मग त्यांनी ती कार्डे उलटी करायला लावली आणि विचारले, "आता कोणाचे काय जाणार, ते लिहा. माणसाचे नाव घालून लिहा." सभागृह बराच वेळ गप्प होते. आमच्या भांडारप्रमुखांनी लिहिले ते असे : भांडारातल्या काकांकडे तांबड्या कापडी पुठ्ठ्याची नोंदवही आहे, कोणते गॅस्केट कोणत्या रॅकच्या कोणत्या खणात आहे हे त्या वहीत आणि काकांच्या डोक्यात असते, बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग हवा असला की रात्रपाळीचा फोरमनही त्यांच्या घरी फोन करतो. बारकोड लागल्यावर तो फोन येणार नाही. पगार तोच राहील, कामाचा ताण कमी होईल, आणि तरीही काकांचे काहीतरी जाईल. आम्ही कित्येक महिने ज्याला 'काकांचा हट्ट' म्हणत होतो, त्याचा अर्थ त्या एका कार्डावर उलगडला होता.

या कार्डांवरूनच प्रशिक्षकांनी पुढचा मुद्दा नेमका मांडला. बदल एका तारखेला होतो, त्यात माणसांचे रुळणे मात्र टप्प्याटप्प्याने होते : आधी जुने सुटते, मग जुने गेलेले आणि नवे न बसलेले असा अधांतरी काळ येतो, आणि त्यानंतर नव्याची सुरुवात होते. वरिष्ठांनी निर्णय आधीच पचवलेला असल्यामुळे ते थेट तिसऱ्या टप्प्यावरून बोलतात, आणि कामगार पहिल्यावर उभा असतो. या मधल्या काळात चुका वाढणार, दुहेरी नोंदी होणार आणि उत्पादन थोडे घसरणार हे धरून चालावे, आणि ते लोकांना आधीच सांगून टाकावे, हा त्यांचा सल्ला मला सर्वांत उपयोगी वाटला. आमच्या पर्यवेक्षकांनी लगेच विचारले, "साहेब, कॉम्प्युटर चुकला तर मटेरियल स्लिपवर सही कोणाची?" याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते, ते मालकाने द्यायचे असते, हे प्रशिक्षकांनी मोकळेपणाने मान्य केले आणि तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासांपैकी पायजम्याच्या कारखान्याचे उदाहरण लक्षात राहण्यासारखे होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन येथील हारवुड कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला हा प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलताना एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला, एका गटाने आपले प्रतिनिधी निवडले, आणि उरलेल्या दोन गटांत सर्वांनाच आखणीत घेतले. नुसते समजावून सांगितलेल्या गटातील १७ टक्के कामगार पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले आणि उत्पादन खालीच राहिले. सर्वांना सामील करून घेतलेल्या गटांतून कोणी गेले नाही, आणि त्यांचे उत्पादन लवकर सावरून पूर्वीच्याही वर गेले. उदाहरण उत्तम, पण ते आम्हांला दीड तासाच्या अखंड व्याख्यानातून सांगण्यात आले, आणि त्या दीड तासात आमच्यापैकी कोणाला एक प्रश्न विचारायचीही मुभा नव्हती. आदल्या दुपारी कार्डांनी जे साधले होते, ते येथे सहज साधता आले असते.

बडोद्यात हा विषय निघाला की सयाजीराव महाराज आल्यावाचून राहत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे उदाहरण मात्र येथे केवळ 'दूरदृष्टी' या शब्दापाशी संपवले गेले, याचे वाईट वाटले. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मर्यादित प्रयोग केला आणि सर्व राज्यासाठी कायदा १९०६ मध्ये झाला. मधली १३ वर्षे हाच व्यवस्थापकाने अभ्यासावा असा भाग आहे : शाळा आणि शिक्षक आधी उभे करणे, अडचणी लहान जागेत पाहून घेणे, आणि मगच व्याप्ती वाढवणे. शिवाय मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड करण्याचा अधिकार राजाला होता. तसा अधिकार ना आमच्या कारखान्याला आहे, ना मराठी मंडळींनी चालवलेल्या एखाद्या पतपेढीला. हा फरक सांगितल्याशिवाय राजाचे उदाहरण व्यवस्थापकाला देणे थोडे फसवे ठरते.

बँक ऑफ बडोदाच्या उदाहरणाला दिलेली पंधरा मिनिटे फारच अपुरी होती. १९०८ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या या बँकेत विजया बँक आणि देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी विलीन झाल्या. देशातले तीन बँकांचे ते पहिलेच विलीनीकरण. कागदोपत्री विलीनीकरण एका दिवसात झाले, तरी सर्व शाखांची संगणक प्रणाली एक व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. अधांतरी काळ म्हणजे काय ते समजावायला यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते? आमच्या टेबलावर एक निवृत्त बँक अधिकारी बसले होते. त्यांना बोलते केले असते, तरी सत्र रंगले असते.

आता गैरसोयींविषयी. पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत होती आणि बोलणे गुजराती-हिंदीत. आमच्या पर्यवेक्षकांना बोलणे समजले, पण पुस्तिका त्यांनी घरी नेऊन कपाटात ठेवली असणार. ज्या मधल्या फळीवर बदल तरतो किंवा बुडतो, तिच्या हाती वाचता येईल असे काही न देणे ही माझ्या मते या वर्गाची सर्वांत मोठी त्रुटी आहे. दुसरे म्हणजे बदल रुजला की नाही हे कसे ओळखावे, यावर एक शब्दही नव्हता. वापरकर्त्यांचे लॉगिन मोजून काही कळत नाही. वहीत चोरून नोंदी चालू आहेत का, हे भांडारात जाऊनच पाहावे लागते. शुल्क माणशी एखाद्या पर्यवेक्षकाच्या महिन्याच्या पगाराइतके होते. लहान कारखान्याला ते जड आहे, आणि तिघे मिळून आल्यावर सवलत देण्याची पद्धत नाही. जेवण चांगले होते, पण सेव-उसळीनंतरचे सत्र पडदे ओढून, पंखे मंद करून घेऊ नये, एवढे आयोजकांना कोणीतरी सांगायला हवे.

कार्यशाळेनंतर फोनवर मार्गदर्शन देण्याचे आश्वासन संस्थेने पाळले, हे नमूद केले पाहिजे. ठरलेल्या आठवड्यात प्रशिक्षकांचा फोन आला, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न काकांविषयी विचारला. आम्ही काकांना रॅकची आणि खणांची क्रमांकयोजना ठरवायला बसवले होते. बारकोडचे लेबल कोठे चिकटवायचे हेही तेच सांगत होते. तांबडी वही मात्र अजून त्यांच्या टेबलावर होती, आणि तिच्यात नोंदीही होत होत्या. ती काढून घ्यावी का, असे मी विचारले. प्रशिक्षकांनी सांगितले, "नका काढू. वही आणि ईआरपी यांचा मेळ दर शनिवारी काकांनीच घालावा, आणि फरक निघाला तर त्यांनीच तुम्हांला सांगावा." ही पद्धत आम्ही लागू केली आहे.

बदलाची घोषणा करून बसलेल्या आणि आता लोक ऐकत नाहीत म्हणून वैतागलेल्या मालक-व्यवस्थापकांनी हा वर्ग करावा, आणि शक्यतो एकट्याने न जाता पर्यवेक्षकाला बरोबर न्यावे. ज्यांचा बदल अजून कागदावरच आहे, त्यांनी थांबले तरी चालेल, कारण ती कार्डे माणसांची नावे घालूनच भरायची असतात. नोंदणीपूर्वी पुस्तिका गुजराती किंवा मराठीत मिळेल का आणि तिघांसाठी शुल्क कमी होईल का, हे दोन्ही लेखी विचारून घ्यावे. आम्ही तोंडी विचारले होते, आणि उत्तरही तोंडीच मिळाले.