‘चेंबर म्युझिक’: काही महिने ऐकल्यानंतर

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा बालाके सिसोको कोरा हे तिथलं तंतुवाद्य वाजवतो, तर फ्रान्सचा व्हँसाँ सेगाल चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य. या दोघांचा हा २००९ चा अल्बम गेले काही महिने रात्री जेवणं आटोपली की आमच्या घरात वाजतोय. नवलाई कधीच ओसरली, पण तो बाजूला पडलेला नाही. म्हणूनच लिहितो आहे.

मालीची राजधानी बामाकोत, तिथला गायक सालिफ केइता याच्या मोफू स्टुडिओत, रात्रीच्या वेळी, दोघांनी समोरासमोर बसून हे रेकॉर्ड केलंय. नंतर वरून काही चढवलेलं नाही, आणि ते ऐकताना कळतं. एकाने लय किंचित सैल सोडली की दुसरा त्याच क्षणी तिथे पोचलेला असतो. वेगवेगळ्या दिवशी वाजवून जोडलेल्या फ्युजनमध्ये हे सापडत नाही.

कोरा म्हणजे अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर कातडं ताणून बनवलेलं २१ तारांचं वाद्य. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्यावरच ते वाजतं. त्याच्या तारा आपल्या स्वरमंडळासारख्या आधीच सात सुरांत लावून ठेवलेल्या असतात, त्यामुळे मध्येच लावलेले सूर बदलण्याची सोय जवळजवळ नाहीच. सेगाल ल्योंच्या संगीतशाळेत शिकलेला. युरोपियन हार्मनी, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर जुळवून वाजवण्याची पद्धत, त्याच्या हातात आहे. पण इथे ती तो फार जपून वापरतो आणि कोराच्या सुरावटीतच राहतो. राग ऐकणाऱ्या कानांना हे संगीत इतकं पटकन आपलं वाटतं, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

जुगलबंदीची सवय असल्याने सुरुवातीला मी सवाल-जबाबाची वाट बघत होतो. ते इथे नाहीत. कोरावादनात सतत फिरत राहणाऱ्या आवर्तनाला कुंबेंगो म्हणतात आणि त्यातून सुटणाऱ्या वेगवान तानांना बिरिमिंतिंगो. सिसोको तानेत शिरला की सेगाल गजाने एखादा खर्जातला सूर लांब धरून ठेवतो. चेलो गाऊ लागला की कोरा निमूट आवर्तनावर परततो. कधी सेगाल गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतो, तेव्हा खालचा सूर नेमका कुणाचा हे सुरुवातीला ओळखता येत नसे. आता मला ते जमायला लागलंय: कोराचा सूर टोकदार सुरू होऊन भोपळ्यात गोल होत विरतो, चेलोचा सुरुवातीपासूनच रुंद असतो. एवढ्या एका गोष्टीसाठी पहिला तुकडा मी पुन्हा पुन्हा लावला आहे.

‘ऑस्करीन’ माझा सगळ्यात आवडता. ‘रेग्रे’मध्ये आवा सांघो गाते, अख्ख्या अल्बममध्ये गाणारा आवाज तेवढाच. इतका वेळ फक्त तारा ऐकल्यावर तो आला की अंगावर काटा येतो, अजूनही. बालाफोन (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) आणि न्गोनी (छोटं तंतुवाद्य) ही तिथली वाद्यंसुद्धा अधूनमधून येतात, पण फार थोडी. ती आणखी हवी होती. मधले दोन-तीन तुकडे एकाच संथ चालीचे आहेत. सलग ऐकताना ते एकमेकांत मिसळतात, ही माझी खरी तक्रार.

मोबाईलच्या स्पीकरवर कृपया ऐकू नका. चेलोचा खर्ज पूर्ण गायब होतो आणि उरतं ते हॉटेलच्या लॉबीतलं संगीत. गाडीतही मजा नाही. साधे पण बरे हेडफोन, आवाज कमी, एवढं पुरे. मग गज तारेवर टेकतानाची खरखरही ऐकू येते. ठेका हवा असेल, पाय थिरकायला हवे असतील, तर हा अल्बम तुमच्यासाठी नाही.

आवडला तर या दोघांचाच २०१५ चा ‘म्युझिक द न्यूई’ घ्या. आणि कोराचंच वेड लागलं, तर सिसोकोने मालीचाच कोरावादक तुमानी जाबाते याच्याबरोबर वाजवलेला १९९९ चा ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’. त्यात दोन कोरा आहेत, बाकी काहीच नाही.