बिननंबरची मोटरसायकल आणि ‘सेफ्टी’ करून देणारे

कॅनडातल्या ओंटॅरिओत बर्फ वितळायला लागलं की जुन्या मोटरसायकलींच्या जाहिराती धडाधड यायला लागतात. ‘ॲज इज, नो प्लेट, नो सेफ्टी’ हे शब्द निम्म्या जाहिरातींत असतातच. अशा गाड्या विकणारी बरीच माणसं सरळ असतात. पण या तीन शब्दांच्या आडोशाने चालणारा एक प्रकार मी गेल्या वर्षी सोसला, त्यात माझे सहाशेच्या वर डॉलर गेले. पुढे गणपतीच्या कार्यक्रमात बोलता बोलता कळलं की मिसिसागा शहरातल्या आणखी एका मराठी कुटुंबाबरोबर अगदी हेच झालंय. म्हणून सगळं तपशिलात लिहितोय. शिकायला आलेल्या मुलांनी तर नक्की वाचा, कारण तीच या लोकांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहेत.

आधी इथली पद्धत सांगतो, ती कळल्याशिवाय फसवणूक कळणार नाही. आपल्याकडे नंबर गाडीचा असतो, गाडी विकली की नंबर तिच्याबरोबर जातो. इथे नंबरप्लेट माणसाची. विकणारा स्वतःची प्लेट खोलून ठेवून घेतो आणि गाडी तुमच्या हातात येते ती बिननंबरची. तुमच्या नावाची प्लेट हवी तर ‘सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट’ लागतं, ज्याला सगळे नुसतं ‘सेफ्टी’ म्हणतात. ते आरटीओसारख्या सरकारी कचेरीत मिळत नाही. सरकारने परवाना दिलेलं खासगी गॅरेज गाडी तपासतं आणि तेच सर्टिफिकेट देतं. ते ३६ दिवस चालतं. म्हणजे प्लेटसाठी सेफ्टी हवी, सेफ्टीसाठी गाडी गॅरेजला न्यायला हवी, आणि गॅरेजला चालवत न्यायची तर प्लेट नाही. नवा माणूस इथेच अडतो, आणि त्याच वेळी कोणीतरी मदतीला पुढे येतं.

माझ्या बाबतीत तो विकणाराच होता. मराठी माणूस, पस्तिशीतला, फोनवर पहिल्या वाक्यालाच ‘दादा’ म्हणाला. ३०० सीसीची काळी क्रूझर, साधारण नऊ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ३,२०० डॉलर. गाडी त्याच्या घराच्या गराजमध्ये उभी होती, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, आवाज स्वच्छ होता. ओनरशिपवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नाव मात्र दुसऱ्याचं. विचारल्यावर म्हणाला, “मित्राची आहे दादा, तो कॅलगरीला गेला, सही करून ठेवलीय त्याने.” मागच्या बाजूला सही होतीही. मग म्हणाला, “तुम्ही कुठे ट्रेलर शोधत बसता? माझ्या ओळखीचं गॅरेज आहे. माझ्या पिकअपमध्ये टाकून मीच सोडतो. सेफ्टी शंभर डॉलरमध्ये होऊन जाईल. गाडीत काही नाहीच करायचं.” बायकोला फोनवर घेतलं, तिनेही “भाऊजी, निवांत राहा” म्हणून सांगितलं. परक्या देशात कोणी असं घरच्यासारखं बोललं की माणूस मोकळा होतो. त्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

पैसे मी ई-ट्रान्सफरने दिले. ई-ट्रान्सफर समोरच्याने एकदा स्वीकारलं की ते मागे घेता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. गाडीबरोबर जे ‘युज्ड व्हेइकल इन्फर्मेशन पॅकेज’ द्यायचं असतं ते त्याने दिलं नाही. “मागवलंय, सेफ्टीच्या कागदाबरोबरच देतो,” असं सांगितलं. हे पॅकेज देणं खासगी विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक आहे. त्यात ओंटॅरिओतले आधीचे मालक, गाडीवरचं कर्ज, ओडोमीटरच्या नोंदी, सगळं असतं, आणि ते जोडल्याशिवाय सर्व्हिसओंटॅरिओत, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, गाडी नावावर होत नाही. सापळ्याचा निम्मा भाग हाच होता. पॅकेज नाही म्हणून गाडी माझ्या नावावर नाही. नावावर नाही म्हणून मी स्वतः काही परवानगी काढू शकत नाही. आणि गाडी मात्र त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये.

दोन दिवसांनी गॅरेजमधून फोन आला. सेफ्टी फेल. पुढचा टायर दहा वर्षांचा झालाय, ब्रेकपॅड संपलेत, दोन्ही फोर्कची, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांची, सील गेलीत, हँडलचं बेअरिंग बदलावं लागेल. एकूण १,४८० डॉलर. मी म्हटलं, दुसरीकडे दाखवतो. त्यावर उत्तर आलं की खुशाल न्या, पण गाडी उघडलेली आहे. उघडण्याचे, पिकअपचे आणि रोजच्या स्टोरेजचे मिळून ९०० भरा आणि घेऊन जा. विक्रेत्याला फोन लावला तर तो लागेना. पुढे कधीच लागला नाही.

संध्याकाळी मी स्वतः तिथे गेलो. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, फोर्कच्या नळ्या बाकावर आडव्या. काऊंटरवरचा माणूस आत जाऊ देत नव्हता, पण चाक दरवाज्याच्या अगदी आतल्या बाजूला होतं. टायरच्या कडेला ‘डॉट’ अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. या टायरवर २३२१ होतं, म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा म्हणून ज्याचे पैसे मागत होते तो टायर नवाच म्हणावा असा होता. काढलेले पॅडही शेजारी ट्रेमध्ये पडले होते. पॅडच्या मधोमध झिजेची खूण म्हणून एक खाच असते, ती बुजत आली की पॅड संपला समजायचं. इथे ती खाच खोल, स्वच्छ दिसत होती. मी तिथेच फोटो काढले. काऊंटरवाल्याचा चेहरा त्यानंतर बदलला.

हे लोक माणसाच्या अज्ञानावर जेवढे जगतात, त्याहून जास्त गाडी तिथून हलू शकत नाही या एका गोष्टीवर जगतात. प्लेट असलेली गाडी तुम्ही रागारागाने काढून शेजारच्या गॅरेजला नेऊ शकता. बिननंबरची, वर सुटी करून ठेवलेली गाडी ही ओलीस असते. तिला सोडवायला पुन्हा टो लागतो, टो यायला वेळ लागतो, आणि प्रत्येक दिवसाचं स्टोरेज चढत जातं. दमून माणूस १,४८० भरतो आणि सेफ्टी घेऊन घरी जातो. मिसिसागातल्या त्या कुटुंबाने तेच केलं. त्यांच्या मुलाच्या गाडीत नक्की काय बदललं हे आजही त्यांना माहीत नाही.

मला वाचवलं ते कायद्याने, म्हणून तो भाग नीट लिहितो. ओंटॅरिओच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गाडीदुरुस्तीचं वेगळं प्रकरण आहे. त्यानुसार गॅरेजने काम करण्याआधी लेखी एस्टिमेट द्यायचं असतं. तुम्ही नको म्हणालात, तर जास्तीत जास्त किती खर्चाला मंजुरी आहे तो आकडा तुमच्याकडून घ्यायचा. मंजुरी नसलेल्या कामाचे पैसे लावता येत नाहीत, आणि अंतिम बिल एस्टिमेटपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. काम मंजूर करताना तुम्ही नको म्हटलं नसेल, तर जुने पार्ट परत द्यायचे. नवीन पार्टवर आणि मजुरीवर ९० दिवस किंवा ५,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तोवर, हमी असते. स्टोरेजच्या नावाखाली गाडी अडवून धरली तर त्यावरही वाट आहे. ‘रिपेअर अँड स्टोरेज लिएन्स ॲक्ट’खाली मागितलेली रक्कम स्मॉल क्लेम्स कोर्टात जमा करून गाडी सोडवून घेता येते. पैसे त्याच्या खिशात न जाता कोर्टाकडे राहतात आणि वाद नंतर मिटतो.

दुसऱ्या दिवशी मी ईमेलवर एवढंच लिहिलं: माझ्या सहीचं एस्टिमेट दाखवा, काढलेले सगळे पार्ट बाजूला ठेवा, नाहीतर कोर्टात पैसे भरून गाडी नेतो. टायरचा आणि पॅडचा फोटो जोडला. तासाभरात ९०० चे ४६० झाले. तेवढेही द्यायला मी बांधील नव्हतो, पण गाडी कोणाच्या नावावर हा घोळ बाकी होता आणि ती त्यांच्या आवारातून नाहीशी व्हायला नको होती. पावतीवर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहून घेतलं, गाडी लादून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलावून ती दुसरीकडे नेली. त्याचे १६० वेगळे. दुसऱ्या गॅरेजने मला समोर उभं करून दाखवलं: डाव्या फोर्कचं सील थोडं गळत होतं आणि हॉर्न वाजत नव्हता. टायर, पॅड, बेअरिंग ठीक. सगळं पुन्हा जोडून, सेफ्टी धरून, पहिल्यांच्या आकड्याच्या एक तृतीयांशातही काम झालं.

पॅकेज मी स्वतःच काढलं. गाडीच्या फ्रेमवर, हँडलच्या मानेपाशी, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. तो दिला आणि वीस डॉलर भरले की सर्व्हिसओंटॅरिओकडून ते कोणालाही मिळतं. त्यात विक्रेत्याचं नाव कुठेही नव्हतं. ‘कॅलगरीचा मित्र’ हाच नोंदलेला मालक. म्हणजे या माणसाने गाडी विकत घेऊन स्वतःच्या नावावर न करताच पुढे विकली. डीलरचा परवाना नसताना खासगी माणूस असल्याचं भासवून असा व्यापार करणाऱ्यांना इथे ‘कर्बसायडर’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. त्याची तक्रार मी ओंटॅरिओ मोटर व्हेइकल इंडस्ट्री कौन्सिल, म्हणजे ‘ऑम्विक’कडे केली. गॅरेजची तक्रार परिवहन मंत्रालयाकडे केली, कारण सेफ्टी देण्याचा परवाना तेच देतं.

आता बिननंबरची गाडी सरळ मार्गाने न्यायची कशी, तर त्याला वाट आहे आणि असे विक्रेते ती मुद्दाम सांगत नाहीत. पैसे देण्याआधी पॅकेज हातात घ्या. व्हीआयएन फ्रेमवर, ओनरशिपवर आणि पॅकेजमध्ये एकच आहे ना, आणि ओनरशिपवरचं नाव समोर उभ्या माणसाच्या लायसन्सवर आहे ना, हे पाहा. सेफ्टी नसली तरी गाडी ‘अनफिट’ म्हणून तुमच्या नावावर होते. ते आधी करा, १३ टक्के टॅक्स तेव्हाच भरावा लागतो. मग इन्शुरन्स घ्या आणि सर्व्हिसओंटॅरिओतून दहा दिवसांचं तात्पुरतं स्पेशल परमिट काढा, पंधरा डॉलर लागतात. त्यावर प्लेटशिवाय गाडी रस्त्यावर आणता येते. पण ब्रेक किंवा टायर धड नसतील तर परमिट असूनही चालवू नका, आणि इन्शुरन्सशिवाय तर गल्लीच्या टोकापर्यंतही नाही. विनाविमा गाडीचा पहिल्याच गुन्ह्याचा दंड इथे ५,००० डॉलरपासून सुरू होतो. ज्यांच्याकडे एम-वन, म्हणजे मोटरसायकलचं शिकाऊ लायसन्स आहे त्यांना ४०० क्रमांकांच्या महामार्गांवर जाता येत नाही आणि अंधार पडल्यावर चालवता येत नाही. त्यांनी रस्ता आणि वेळ आधी ठरवावी. चालवायची नसेल तर मोटरसायकलचा ट्रेलर भाड्याने घ्या, दोन मित्र बोलवा. पण न्यायची ती तुम्ही निवडलेल्या गॅरेजला.

आणि त्या गॅरेजला फोनवरच विचारून घ्या: तुमचा परवाना मोटरसायकल तपासण्याचा आहे का, कारण काहींचा फक्त मोटारींचा असतो. तपासणीचे किती? फेल झाली तर परत तपासायचे किती? मला विचारल्याशिवाय काही उघडणार नाही ना? हे ईमेलवर लिहून द्याल का? मी ज्या दुसऱ्या गॅरेजला गेलो त्यांनी दहा मिनिटांत उत्तर पाठवलं होतं. पहिल्या गॅरेजला माझ्या एका मित्राने नंतर गिऱ्हाईक म्हणून हेच प्रश्न विचारले. “गाडी आधी घेऊन या, मग बोलू,” एवढंच ते म्हणाले.