व्हॅक्यूम बॅगा: होळी ते दिवाळी, अख्खा सीझन वापरून

ग्वाल्हेरात जानेवारीत दोन-चार डिग्री आणि धुकं, मे-जूनमध्ये 45 च्या वर, म्हणजे दोन वेगळ्या गावांचे कपडे एकाच घरात ठेवायचे. आमच्याकडे शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात कपाट एक आणि एक दिवाण, त्यामुळे होळी झाली की रजया-स्वेटर कुठे कोंबायचे हा दरवर्षीचा राडा. म्हणून यंदा हातपंपवाल्या व्हॅक्यूम बॅगांचा सेट ऑनलाइन मागवला, आता दिवाळीला सगळ्या उघडल्यात तर सांगते.

जागा वाचते, त्यात वादच नाही. पॉलिएस्टर भरलेलं डबलचं क्विल्ट हवा काढल्यावर निम्म्याहून पातळ झालं आणि उघडल्यावर झटकून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत परत फुगलं. पोरांचे अॅक्रेलिकचे स्वेटर, फ्लीसची जॅकेटं, सगळं मस्त निघालं, पावसाळ्यात दिवाणातल्या बाकी कपड्यांना जो कुबट वास धरतो तो ह्यांना नाही. (मोकळ्या झालेल्या जागेत आमच्या ह्यांनी कूलरची जुनी मोटर ठेवलीये, ते सोडा.)

पण कापसाची रजई टाकू नका. सासूबाई म्हणतच होत्या की रुई दाबायची नसते, तरी बघू म्हणून जुनी एक टाकली होती ती पाटासारखी कडक निघाली, गच्चीवर ऊन देऊनही गाठी तशाच, आता पिंजून घ्यावी लागणार. खरी लोकर, पिसांचं जॅकेट आणि लेदर पण नको, महिनोन्महिने दाबून राहिलं की फुगवटा जातो आणि लेदरच्या घड्या तर निघतच नाहीत. चंदेऱ्या आणि जरीच्या साड्या आमच्याकडे अजून जुन्या सुती धोतरातच बांधतात आणि दोन-तीन महिन्यांनी घडी फिरवतात, एकाच रेघेवर राहिली की जरीची तार तुटते, त्याला ही बॅग उपाय नाही.

टाकण्याआधी सगळं धुवायचंच, एकदाच घातलेलं स्वेटरसुद्धा, कारण लोकरीला कसर लागते ती घामाचे किंवा जेवणाचे डाग असतील तिथे आधी. मग कडक ऊन, मग सावलीत गार करायचं आणि मगच बॅग, ओल आत राहिली तर तिला बाहेर पडायला वाट नाही, बुरशी आतच धरणार. डांबरगोळ्या आत टाकू नका. त्यांची वाफ होते ती आतच कोंडते, वास धुऊनही लवकर जात नाही, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांपासून तर त्या लांबच ठेवा, काही बाळांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतःच कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी ह्या वासानेही फुटू शकतात आणि कावीळ होते. मी मलमलच्या पुरचुंडीत लवंगा आणि वाळवलेला कडुनिंब ठेवते, पण किडा एकदा लागला असेल तर त्याने मरत नाही.

आता तक्रारी. सेटमधली एक बॅग काही आठवड्यांतच आपोआप फुगली, झिपमध्ये लोकरीचा धागा अडकला की असंच होतं म्हणे, पण झिप पुसून परत लावली तरी तेच, म्हणजे व्हॉल्व्हच ढिला. पंप अगदी तकलादू, घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोच लावा. दिवाणात ठेवताना आतले खिळे बघून घ्या, बारीक भोक पडलं तरी खेळ खलास. आणि जंबो साइज घेऊच नका, भरली की उचलायला दोघं लागतात आणि एक स्वेटर काढायला सगळी हवा सोडावी लागते. मिडियमच घ्या, माणसागणिक एक.