फत्ता: लसूण-व्हिनेगरचा की टोमॅटोचा?

बकरी ईदला इजिप्तमध्ये फत्ता होतो: तळाशी कुरकुरीत भाजलेल्या 'ऐश बलदी' रोटीचे तुकडे, त्यावर मटणाचं गरम पाणी, मग भात आणि वर मटण. पाहुणे यायचेत आणि एका मैत्रिणीचं अडलंय ते वरच्या सॉसवर.

मटण दोन्हीकडे सारखंच. कांदा, वेलची, तमालपत्र घालून मऊ शिजवायचं. ते पाणी म्हणजे जवळपास आपलं मटणाचं अळणी सूप.

लसूण-व्हिनेगरचं काम पाच मिनिटांचं. तुपात भरपूर ठेचलेला लसूण, रंग येऊ लागला की व्हिनेगर. इथेच गडबड होते: लसूण करपला तर सगळा फत्ता कडू, आणि वर झाकायला काहीच नाही. मटणाचं पाणी फिकं असेल तर तेही लगेच कळतं. चांगलं जमलं तर मात्र मटणाची चव सरळ पुढे येते, आणि मला तरी हाच आवडतो.

टोमॅटोचा वेळखाऊ. त्यातही लसूण आणि व्हिनेगर असतंच, शिवाय रस दाट होईपर्यंत आटवावा लागतो. पण तो आदल्या दिवशी करून ठेवता येतो, आणि कमी मुरलेलं पाणी सांभाळून घेतो. खर्चात फरक किरकोळ. पैसा जातो तो मटणात.

रोटी दोन्हीत वाढायच्या वेळीच भिजवा.

घरची चार माणसं आणि हाडासकट उत्तम मटण असेल तर लसूण-व्हिनेगर. पंधरा-वीस पाहुणे, त्यात आंबटगोड आवडणारी मुलं असतील तर टोमॅटो.