ऑनलाइन घेतलेला माल परत केल्यावर पैसे हाती येईपर्यंत: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सेलपासून आमच्या घरची बरीचशी खरेदी एकाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याच्या ॲपवरून होत आहे. त्या ॲपवरून वस्तू किती लवकर येतात आणि किती स्वस्त पडतात, याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. वस्तू परत केल्यावर पैसे कसे मिळतात, याविषयी मात्र एक किंवा पाच तारे देऊन मोकळे होणारेच अधिक. म्हणून हा अनुभव केवळ परताव्यापुरता लिहीत आहे. या काळात मिक्सर, मुलाचे बूट, सासूबाईंची साडी, हप्त्यांवर घेतलेला टॅब आणि माहेरी, जत तालुक्यातील गावी परस्पर पाठवलेला पंखा अशा वेगवेगळ्या किमतीच्या आणि वेगवेगळ्या मार्गांनी पैसे दिलेल्या वस्तू परत कराव्या लागल्या. वस्तूंचे पैसे अखेरीस मिळाले, परंतु ते सारख्याच सहजतेने मिळाले नाहीत. या फरकाचे मूळ बहुतेक वेळा माल घराबाहेर पडतानाच्या पाच-दहा मिनिटांत होते, असे माझे मत झाले आहे.

बुटांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. माप लहान पडले, दुसऱ्या दिवशी पिकअपला माणूस आला, पेटी उघडून तळवे पाहिले आणि पैसे आठवड्याच्या आत खात्यात आले. कपडे आणि पादत्राणे यांच्या बाबतीत ही यंत्रणा खरोखर चांगली चालते. सांगलीच्या मारुती रोडवरील दुकानात हेच बूट घेतले असते, तर बदलून मिळाले असते, रोख पैसे क्वचितच मिळाले असते.

मिक्सरची गोष्ट वेगळी. साडेसातशे वॅटचा आणि तीन भांड्यांचा हा मिक्सर पहिल्याच दिवशी चटणीच्या भांड्यातून गळू लागला आणि तळाच्या वॉशरमधून उतरलेले पाणी थेट मोटरच्या कपलरवर जमू लागले. ॲपवर परत करण्याचे कारण निवडावे लागते आणि पर्यायांत ‘आता नको आहे’, ‘अपेक्षेप्रमाणे नाही’, ‘सदोष आहे’ अशी वाक्ये एकाखाली एक असतात. घाईत कोणतेही एक निवडले तरी चालेल असे वाटते, पण पुढचा सगळा व्यवहार याच निवडीवर ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा तिची किंमत परत देण्यास नकार देता येत नाही. मात्र वस्तू आवडली नाही, रंग साजेसा वाटला नाही किंवा माप चुकले, तर ती परत घेणे हा विक्रेत्याच्या स्वतःच्या धोरणाचा भाग असतो, त्यामागे या नियमाचे बळ नसते. त्यामुळे गळणाऱ्या मिक्सरसाठी ‘अपेक्षेप्रमाणे नाही’ हा पर्याय निवडणारा ग्राहक आपला हक्क सोडून विक्रेत्याच्या मर्जीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मी ‘सदोष’ निवडले आणि सोबत गळतीचा व्हिडिओ जोडला. ‘या वस्तूवर फक्त बदली मिळेल’ अशी सूचना तरीही आली, तेव्हा वरील नियमाचा उल्लेख करून लेखी परतावाच मागितला आणि तो मान्य झाला.

पिकअपला आलेला तरुण कामसू होता. त्याने मिक्सर पालथा घालून तळाच्या स्टिकरवरील सीरियल नंबर आपल्या फोनमधील नंबराशी ताडून पाहिला. स्टिकरवर चटणीचे ओघळ सुकले होते, ते त्याने स्वतःच्या रुमालाने पुसले, तेव्हा कुठे त्याचा कॅमेरा बारकोड वाचू शकला. “काकू, कंपनीचं मूळ खोकं नसेल तर ॲप मला पुढंच जाऊ देत नाही,” असे त्याने सांगितले. हे खोके माळ्यावर होते म्हणून बरे. मूळ खोके, मॅन्युअल, कोरे वॉरंटी कार्ड आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यासुद्धा परत करण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नयेत. हल्ली पिकअपची कागदी पावती सहसा मिळत नाही, फक्त एसएमएस येतो आणि त्यात आत काय काय दिले याचा उल्लेख नसतो. म्हणून मी मिक्सर, तिन्ही भांडी आणि झाकणे ओळीने मांडून, शेजारी ज्या पिशवीत ते सील होणार होते तिच्यावरील बारकोड दिसेल असा फोटो काढून घेतला आणि सील झाल्यावर पुन्हा एक काढला. तोपर्यंत ओटीपी सांगितला नाही. ओटीपी सांगणे म्हणजे माल ताब्यात दिल्याची सही करणे होय, ती सर्वांत शेवटी करावी.

या फोटोचे महत्त्व पुढे कळले. ॲपवर बरेच दिवस ‘तपासणी सुरू आहे’ असे दिसत राहिले आणि नंतर ‘परत आलेल्या मालात एक भांडे कमी असल्याने परतावा नाकारण्यात येत आहे’ असा संदेश आला. कस्टमर केअरच्या चॅटवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी तीच दिलगिरी आणि दर वेळी नवी तारीख मिळत गेली. चॅट हा तक्रारीचा मार्ग नसून ग्राहकाला थोपवून धरण्याचा मार्ग आहे, अशी माझी खात्री झाली आहे. उपरोक्त नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पदनाम आणि संपर्क आपल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक आहे; त्या अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा पत्ता ॲपच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडला. ऑर्डर क्रमांक, पिकअपचा दिवस, दोन्ही फोटो आणि नकाराच्या संदेशाचा स्क्रीनशॉट एवढेच जोडून मी मोजक्या शब्दांत ईमेल पाठवला. पोच वेळेत आली, आणि पुढे कोणतेही स्पष्टीकरण न देता पूर्ण परतावा मंजूर झाला. भांडे गोदामात हरवले की मोजणीत, हे आजपर्यंत कोणीही कळवलेले नाही.

मंजुरीनंतरही पैसे कोठे आहेत हा प्रश्न उरतो. ॲपवर हिरवी खूण दिसली, तरी विक्रेत्याने आपल्या बँकेला आदेश दिला एवढाच तिचा अर्थ असतो. अशा वेळी ‘कधी येतील’ असे विचारत राहण्यापेक्षा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागावा. यूपीआयने पैसे दिले असतील तर तो बारा अंकी असतो, कार्डाने दिले असतील तर एआरएन नावाचा तेवीस अंकी क्रमांक असतो. हा क्रमांक दिल्याशिवाय बँकेतील कर्मचाऱ्याला शोध घेणे जवळजवळ अशक्य होते, आणि विक्रेत्याला तो देता आला नाही, तर पैसे अजून निघालेच नाहीत असे समजायला हरकत नाही. पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत यावेत, ग्राहकाने स्पष्ट संमती दिली असेल तरच दुसऱ्या मार्गाने द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे विक्रेत्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांसाठी, काढलेल्या सूचनांत म्हटले होते. त्यामुळे मुलाने त्याच्या फोनवरून भरलेले बुटांचे पैसे त्याच्याच खात्यात आले, माझ्या खात्यात ते शोधण्यात अर्थ नव्हता.

याच संमतीचा गैरफायदा वॉलेटच्या बाबतीत घेतला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. परताव्याच्या पडद्यावर ‘ताबडतोब वॉलेटमध्ये’ हा पर्याय ठळक रंगात असतो आणि ‘मूळ खात्यात’ हा पर्याय खाली फिकट अक्षरांत असतो. ग्राहकाची अशी दिशाभूल करणाऱ्या रचनांविरुद्ध केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत तेरा प्रकार नमूद केले आहेत, त्यांपैकी एक नेमका महत्त्वाचा पर्याय झाकून नको तो पुढे करण्याचा आहे. वॉलेटमधील पैसे त्याच ॲपवर खर्च करावे लागत असतील, तर तो परतावा नसून पुढच्या खरेदीची आगाऊ रक्कम ठरते.

टॅबच्या बाबतीत त्रास विक्रेत्याकडून कमी आणि हप्त्यांच्या योजनेमुळे जास्त झाला. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाला भरावा लागतो. टॅब परत केल्यावर त्याची रक्कम कार्डावर जमा झाली, परंतु हप्ते आपोआप थांबले नाहीत. एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला दरमहा हप्ता, असे विवरणपत्र आल्यावर बँकेला फोन करून ते कर्ज बंद करून घ्यावे लागले. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरील जीएसटी बँकेने परत केला नाही. वस्तू ठेवायची की नाही याची खात्री होईपर्यंत हप्त्यांचा पर्याय निवडू नये, असे मी आता घरात सर्वांना सांगते.

साडी कॅश ऑन डिलिव्हरीने घेतली होती, म्हणजे परत जाण्यासाठी मूळ खातेच नव्हते. अशा वेळी विक्रेता ॲपमध्ये खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मागतो. सासूबाईंच्या सहकारी बँकेच्या जुन्या पासबुकावर शून्य आणि इंग्रजी ओ सारखेच छापलेले असल्याने ॲप तो कोड स्वीकारत नव्हते. अकरा अक्षरांच्या या कोडमध्ये पाचव्या जागी नेहमी शून्यच असते, हे शाखेतील ताईंनी सांगितल्यावर काम झाले. याच सुमारास ‘तुमचा परतावा अडकला आहे, लिंक उघडा’ असे सांगणारा एक फोन सासूबाईंना आला होता. ऑर्डरची माहिती त्या माणसाला कोठून मिळाली, ते कळले नाही. पण पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, एवढे त्यांना ठाऊक असल्याने त्यांनी फोन ठेवून दिला. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नये, ॲपमधूनच घ्यावा. आणि पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

रक्कम कमी आल्यास ती का कमी आली, हेही पाहून घ्यावे. आठशे आणि बाराशे रुपयांच्या दोन वस्तू एकत्र घेऊन कूपनने दोनशे रुपये सुटले असतील, तर आठशेची वस्तू परत केल्यावर सातशे वीस मिळतात, कारण सूट दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. ही कपात रास्त आहे. सदोष वस्तूवरही डिलिव्हरीचा आकार कापून घेणे मात्र मला पटलेले नाही. तो मी प्रत्येक वेळी मागितला आणि काही वेळा मिळाला.

विक्रेत्याकडे दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हेल्पलाइन न्यायालय नव्हे, ती तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि तेथे २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे: विक्रेत्याचे कार्यालय बेंगळुरूला असो वा गुरुग्रामला, ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्या बाबतीत सांगलीतच, तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि जानेवारी २०२५ पासून ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. माझ्यावर तशी वेळ आली नाही, पण मिक्सरच्या ईमेलमध्ये या तरतुदीचा एका ओळीत उल्लेख केला होता, आणि त्याचा उपयोग झाला असावा असे वाटते.

पंख्याचे प्रकरण अजून पूर्ण मिटलेले नाही. पाते वाकलेले निघाले, पण त्या पिनकोडवर पिकअपची सेवा नसल्याने माल स्वतः पाठवावा, खर्च परत मिळेल, असे ॲपने सांगितले. सांगली शहरात घरबसल्या मिळणारी सोय जतच्या वाडीवस्तीवर मिळत नाही, आणि ऑर्डर घेताना हे कोठेही दाखवले जात नाही, हा या सेवेतील सर्वांत मोठा दोष मी मानते. भावाने पंखा पुन्हा खोक्यात बांधून, वजन करून स्पीड पोस्टाने पाठवला आणि पावतीचा फोटो मला धाडला. पंख्याची किंमत आली. टपालखर्चापैकी मात्र विक्रेत्याने स्वतःच्या कमाल मर्यादेइतकीच रक्कम दिली आणि ती प्रत्यक्ष खर्चाच्या निम्मीही नव्हती. सदोष वस्तू परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाने का सोसावा, असे विचारून उरलेल्या रकमेसाठी तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पावतीसह ईमेल केला आहे. पोच आली आहे, महिन्याची मुदत अजून संपायची आहे.