आबिटूर की आयबी: एकाच जर्मन शाळेतल्या दोन वाटा

परदेशातल्या जर्मन शाळेत मूल घालायचं नक्की झालं की खरा प्रश्न उभा राहतो: जर्मन शाखा की इंग्रजी? आमची मोठी इंग्रजी शाखेत, आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाच्या वाटेवर. धाकटा जर्मन शाखेत, आबिटूरच्या, म्हणजे जर्मन शालान्त परीक्षेच्या. शाळेचं फाटक एकच, पण दोघांच्या संध्याकाळी फार वेगळ्या जातात.

दोन-तीन वर्षांत बदली होणार असेल, तर आयबीच घ्या. पुढच्या शहरात, अगदी पुण्याला परतलात तरी, ती वाट सापडते. मूल सहावी-सातवीत असेल आणि जर्मनचा गंधही नसेल, तरी तेच. पुढे जर्मनीत शिकायचं असेल, तर मात्र आबिटूर सोयीचं. आयबी घेतलेल्यांचे विषय कोणते आणि कुठल्या पातळीचे, हे तिथे तपासलं जातं. म्हणून विषय निवडण्याआधीच ते पाहून ठेवावं. शिवाय आबिटूरच्या 900 गुणांपैकी 600 शेवटच्या दोन वर्षांच्या कामावर मिळतात. एका मार्च महिन्यावर सगळं टांगलेलं अनुभवलेल्या आमच्या पिढीला हे फार मोलाचं वाटतं.

जागतिक नागरिकत्वाचं म्हणाल, तर मोठीने संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पाण्याचं उद्दिष्ट घेऊन टॅबलेटवर सुरेख प्रकल्प केला. चार लोकांसमोर ती आता न अडखळता बोलते, आणि ते श्रेय शाळेचंच. धाकट्याच्या वर्गात दर आठवड्याला ‘क्लासेनराट’ भरतो, म्हणजे वर्गसभा. अध्यक्ष मुलंच, इतिवृत्त लिहिणारीही मुलंच. मैदानावरचं भांडण त्याने तिथे परक्या भाषेत मांडलं आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सेंट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी केलेला कागदी कंदील त्याने घरी आणला आणि दिवाळीत आमच्या आकाशकंदिलाशेजारी टांगला. कुणी सांगितलं नव्हतं.

पण माझं मत फिरलं ते गृहपाठावरून. मोठीचं गणित एका ॲपवर, विज्ञान दुसऱ्यावर, सूचना मेलवर. आज अभ्यास काय आहे एवढं कळायलासुद्धा टॅबलेट उघडावा लागतो, आणि त्याच पडद्यावर मैत्रिणींचे मेसेज येत असतात. रात्री साडेनऊला मी विचारायचो, “झालं का गं?” आणि उत्तर यायचं, “अपलोड होत नाहीये, बाबा.” वर्षभर घरात रोज यावरून ताण. धाकट्याकडे गृहपाठाची छोटी वही आहे. फळ्यावरचं तो निळ्या शाईच्या पेनाने उतरवून घेतो; चुकलं तर शाई पुसायचं पेन कंपासमध्ये असतंच. शुक्रवारी आमची सही. टॅबलेट त्यांनाही आहेत, पण ते वर्गात वापरून तिथल्याच कपाटात ठेवतात. सात वाजता त्याचं दप्तर भरलेलं असतं.

जर्मन शाखेची अडचणही सांगतो. पालकसभा जर्मनमध्ये, निरोपही जर्मनमध्ये. माझी बायको पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली, म्हणून आमचं निभावलं. घरात कुणालाच भाषा येत नसेल, तर पहिली दोन वर्षं जड जातील. काही जर्मन शाळांत मिश्र आयबी असतं, काही विषय जर्मनमधून आणि बाकीचे इंग्रजीतून. तुमच्याकडे असेल तर तेही जरूर पाहा.

हा अनुभव आमच्या शाळेपुरता. तुम्ही शाळा पाहायला जाल, तेव्हा टॅबलेट किती आहेत हे विचारू नका. पाचवीच्या मुलाला आजचा गृहपाठ कुठे लिहून मिळतो, ते विचारा.